खोकला नसलेला टीबी

आमचे मामा नोकरीभर साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसाची भरलेली गाडी आत येताना एक वजन, रिकामी होऊन बाहेर जाताना दुसरं वजन, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. तीस वर्षं हेच काम. त्यामुळे डायलिसिस सुरू झाल्यावर तिथली भाषा आमच्या घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळली. डायलिसिसला बसण्याआधी वजन, उठल्यावर वजन, मधला फरक म्हणजे अंगातून काढलेलं पाणी. जादा पाणी निघून गेल्यावर जे वजन राहायला हवं, त्याला तिथे सगळे ‘ड्राय वेट’ म्हणतात. मामांनी पहिल्याच आठवड्यात टेक्निशियनला सांगून टाकलं, “म्हणजे ती रिकामी गाडी. लिहा, बासष्ट किलो.”

आणि २०२३ च्या पावसाळ्यात ह्याच काट्याने आम्हाला चार महिने फसवलं.

हे सगळं आज लिहायला निमित्त झालं एका मित्राच्या फोनचं. त्याची आई गेली तीन वर्षं डायलिसिसवर आहे. महिनाभर बारीक ताप, जेवण तुटलेलं. डॉक्टरांनी टीबीची शक्यता बोलून दाखवली म्हणून हा वैतागला होता. “अरे, टीबी कसा असेल? एकदासुद्धा खोकली नाहीये ती!” नेमकं हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी, जवळजवळ ह्याच सुरात, बोललो होतो. त्याला फोनवर जे सांगितलं ते जरा नीट मांडून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस आहे. जे कळलं ते मामांच्या खाटेशेजारी बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि नंतर जमेल तसं वाचून. मामांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एकच, कारखान्याचं नाव घालायचं नाही. डायलिसिस केंद्राचं नाव मी आपणहून घालत नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हती. त्यात आमचाही वाटा होता.

तर झालं असं. जुलैमध्ये मामांचं जेवण कमी व्हायला लागलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. मामी म्हणाल्या, तोंडाला चव नाही म्हणतात. किडनीच्या रोग्याला चव नसतेच, असं आम्हाला आधीच ठाऊक होतं. रक्तात साठलेल्या घाणीमुळे मळमळतं, अन्न नको होतं. कारण मिळालं, आम्ही गप्प बसलो.

मग थकवा. जिना चढताना मध्ये थांबायला लागले. हिमोग्लोबिन साडेसात. तेही किडनीचंच. रक्त तयार करण्याचा संदेश देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच बनवते, म्हणून तर त्याची इंजेक्शनं चालू असतात. डोस वाढवला. हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. पुन्हा वाढवला. पुन्हा तेच.

मग संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. थर्मामीटर लावला तर नव्व्याण्णव, फार तर शंभर. पण मामांची डायलिसिसची पाळी सकाळी सातची. तिथे तापमान बघत, ते नॉर्मल असायचं. ताप यायचा संध्याकाळी, माप घेतलं जायचं सकाळी! एकदा मामी हट्टाने बोलल्या, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला. दहा-बारा दिवसांनी परत आला. हे औषध टीबीच्या जंतूंनाही थोडंफार मारतं, त्यामुळे ताप तात्पुरता दबतो आणि रोग मात्र तसाच राहतो, हे मला फार नंतर कळलं.

आणि मग सप्टेंबरमध्ये रात्रीची धाप. आडवं झालं की दम लागायचा, उशीला टेकून बसावं लागायचं. पायांना सूज. सगळ्यांचं एकमत, पाणी जास्त होतंय. मामा शपथेवर सांगत होते की मी मोजून पाणी पितो. कुणी विश्वास ठेवला नाही, मीसुद्धा नाही. शेवटी ड्राय वेट बासष्टवरून साठवर आणलं. दोन किलो जादा पाणी काढलं, मामांना बरं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा धाप. मग अठ्ठावन्न. पुन्हा बरं वाटलं. प्रत्येक वेळी बरं वाटत होतं म्हणून प्रत्येक वेळी आमची खात्री होत गेली की दुखणं पाण्याचंच आहे.

काट्याने फसवलं म्हणालो ते इथे. काटा फक्त बेरीज दाखवतो. अंगावरचं मांस चार किलोने झडलं आणि त्याजागी चार किलो पाणी साठलं तर काट्यावर बासष्ट ते बासष्टच. साध्या माणसाचा टीबी असता तर सहा महिन्यांत पँट ढिली झाली असती, शेजाऱ्यांनी विचारलं असतं. डायलिसिसच्या माणसाचं वजन कमी होतं तेव्हा ते कमी झालेलं दिसतच नाही. ते सूज म्हणून दिसतं, धाप म्हणून दिसतं, वाढलेला रक्तदाब म्हणून दिसतं. मामांना मी हे नंतर समजावून सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, “आरं, मग रिकामी गाडीच हलकी झाल्ती की! आमच्याकडं असं झालं असतं तर पैल्या दिवशी पकडलं असतं मी.”

आणखी एक खूण हातातून निसटली. किडनी निकामी झाली की रक्तातलं कॅल्शियम सहसा कमी व्हायला बघतं, म्हणून कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या असतात. मामांचं कॅल्शियम वाढलं. साहजिकच दोन्ही गोळ्या बंद केल्या. महिन्याभराने तपासलं तरी ते चढंच. त्यामागचं कारण वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याचं काम एरवी मुख्यतः किडनीचं. पण टीबीच्या गाठींमध्ये ज्या पेशी जमतात, त्या हेच काम कुणाचंही न ऐकता स्वतः करायला लागतात. म्हणजे ज्या शरीरात हे काम करणारी किडनी उरलेली नाही, तिथे ते कुणीतरी करतंय! कॅल्शियमचा तो आकडा आम्हाला ओरडून काहीतरी सांगत होता. कॅल्शियम वाढायची दुसरीही कारणं असतात, हे खरं. पण गोळ्या बंद करूनही ते उतरत नाही म्हटल्यावर प्रश्न विचारायला हवा होता.

शेवटी रोग सापडला तो तपासणीत नव्हे, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला. मामी पहाटे मामांच्या खांद्याला तेल लावत होत्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला, बोटांना दोन गाठी लागल्या. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठ्या, न दुखणाऱ्या. त्यांनी मला फोन केला तेव्हा बाहेर फटाके वाजत होते आणि मला आधी काही ऐकूच आलं नाही.

सुई घालून गाठीतला नमुना काढला, सीबीनॅट मशीनवर गेला. जंतू सापडले, नेहमीच्या औषधांना दाद देणारे. डॉक्टर आम्हाला म्हणाले, “कॉक्स आहे.” मामींनी बाहेर येऊन मला हळूच विचारलं, “ह्ये कॉक्स कॅन्सरपरास मोठं का बारकं?” मी सांगितलं, मामी, टीबीच तो. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८२ साली, २४ मार्चला, ह्याचा जंतू जगाला दाखवला, म्हणून आपले डॉक्टर लोकांसमोर त्याच्या नावाने बोलतात. मामी खाली बसल्या. “मग सरळ टीबी म्हनायला काय हुतंय ह्यांना?”

मामींचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ह्यात मामांचं नशीब विशेष वाईट होतं का? मुळीच नाही. डायलिसिसवरच्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो, ही गोष्ट वैद्यकाला पन्नासेक वर्षं माहीत आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ ह्या नियतकालिकात डायलिसिसच्या रुग्णांमधल्या टीबीवर एक लेख आला होता, त्याच्या लेखकांत पहिलं नाव प्रधान. (आडनाव वाचून मी उगाचच सुखावलो.) कारणं समजायला सोपी आहेत. लहानपणी कधीतरी श्वासातून शरीरात शिरलेले टीबीचे जंतू आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात आयुष्यभर झोपलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येत. त्यांना झोपवून ठेवण्याचं काम शरीरातल्या ज्या पांढऱ्या पेशी करतात, त्याच किडनी निकामी झाल्यावर दुबळ्या होतात. त्यात मधुमेह, त्यात कुपोषण. आणि जगातल्या टीबीच्या नव्या रुग्णांपैकी साधारण चौथा माणूस भारतातला. हे सगळं एकत्र केलं तर डायलिसिसच्या हॉलमध्ये टीबी असणं हे नवल नाही, नसणं नवल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ह्या लोकांमध्ये टीबी फुफ्फुसाबाहेर होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणजे खोकला नाही, थुंकी नाही, आणि छातीचा एक्स-रे साफ. तो गळ्याच्या किंवा काखेतल्या गाठींत बसतो. फुफ्फुसाभोवती पाणी होऊन येतो, तेव्हा वाटतं की डायलिसिस अपुरं पडतंय. हृदयाभोवतीच्या पिशवीत येतो, तिथेही ‘युरिया वाढल्यामुळे’ असं तयार उत्तर असतं. पोटात येतो. जे घरच्या घरी पोटातून डायलिसिस करतात त्यांचं बाहेर येणारं पाणी गढूळ होतं, साध्या जंतुसंसर्गाची औषधं चालू होतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि पाणी गढूळच राहतं. मणक्यात येतो, तेव्हा किडनीमुळे हाडं ठिसूळ झाली असं म्हणून आपण वेदनाशामक मलम चोळत बसतो.

मणक्याचं हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मामांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ असायचे, चंदगड बाजूचे. शंभरावर किलोमीटर एसटीने यायचे, चार तास मशीनवर आणि परत शंभरावर किलोमीटर. त्यांची पाठ दुखायची. एवढा प्रवास केल्यावर कुणाचीही दुखेल, असं तेही म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. एक दिवस एसटीतून उतरताना पाय उचलेना. तेव्हा एमआरआय झाला. मणक्याचा टीबी निघाला. औषधं सुरू झाली, पण अंगात काही उरलंच नव्हतं. महिन्याच्या आत ते गेले. ती खाट दोन पाळ्या रिकामी होती, तिसऱ्या पाळीला तिच्यावर दुसरं कुणीतरी होतं. मामा त्या दिवशी डायलिसिसला बसायलाच तयार होईनात.

कोल्हापूरकरांना एक जुनी गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. आपलं सीपीआर, दसरा चौकाजवळचं, ते पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने तिथल्या स्त्रियांच्या विभागावर डॉक्टर म्हणून नेमणूक केली ती आनंदीबाई जोशी यांची. फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन त्या आल्या, पण कोल्हापूरला रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. सीपीआरवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं. ज्या इमारतीत त्यांनी रोगी तपासायचे होते तिथे त्या पोचल्याच नाहीत. तेव्हा कॉखने जंतू दाखवून पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती. रोगाला नाव होतं, औषध नव्हतं. टीबीवरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. आणि योगायोग बघा, हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी आपल्या कृत्रिम किडनीवर पहिल्या माणसाचं डायलिसिस केलं तेही १९४३ मध्येच. म्हणजे दोन्ही उपाय एकाच वयाचे आहेत. आज दोन्ही आपल्या गावात आहेत, आणि दोन्ही गरिबाला फुकट मिळण्याची सोय आहे. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून, टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमातून. आनंदीबाईंच्या काळी औषध नव्हतं म्हणून माणसं गेली. आपल्याकडे औषध कपाटात आहे आणि रोगाचं नाव घ्यायला चार महिने लागतात. ह्याला काय म्हणायचं?

उपचारांचीही एक गंमत (गंमत कसली!) सांगतो. सरकारी कार्यक्रमात चार औषधं एकाच गोळीत घालून देतात. वजन बघून रोज इतक्या गोळ्या, असा साधा हिशेब. डायलिसिसच्या माणसाला ती गोळी तशीच चालत नाही. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन रोज देता येतात, पण पायराझिनामाइड आणि इथॅमब्युटॉल किडनी चालत नसल्याने अंगात साठतात, म्हणून ती आठवड्यातून तीनदाच. शिवाय डायलिसिसच्या दिवशी गोळ्या मशीनवरून उठल्यावर घ्यायच्या, नाहीतर काही औषध मशीनमधून वाहून जातं. इथॅमब्युटॉल साठलं तर नजरेवर परिणाम, लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात म्हणून ब-६ ची गोळी सोबत. हे सगळं करायला सुटी औषधं लागतात. ती मिळतात, पण मागावी लागतात, आणि मागायला आधी माहीत असावं लागतं.

रिफाम्पिसिन घेतलं की लघवी केशरी होते हे टीबीच्या प्रत्येक रुग्णाला सांगतात. मामांनाही सांगितलं. मामा म्हणाले, “साहेब, लघवी व्हायला लागली तर केशरी काय, जांभळी चालंल.” मात्र त्यांच्या घामाने बनियन केशरी झाले आणि मामींनी ते मला कौतुकाने दाखवले. औषध पोटात जातंय ह्याचा तेवढाच पुरावा! त्याच रिफाम्पिसिनने त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा असर कमी केला आणि बीपी दोनशेला गेलं, ते प्रकरण वेगळंच.

आणि आहार! घरातल्या फ्रिजवर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते. टीबीचा कागद म्हणतो, केळी खा, दूध प्या, शेंगदाणे-गूळ खा. डायलिसिसचा कागद म्हणतो, केळं नको, शहाळं नको, दूध मोजून, शेंगदाणे कमी. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार खात्यावर पैसे देतं. मामांना महिन्याला ५०० रुपये मिळाले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण त्या पैशांचं नेमकं काय आणायचं हे सांगणारा माणूस दोन्ही खिडक्यांवर नव्हता. शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा बलक आणि मोजून मासे-चिकन असं सांगितलं. पांढरा रस्सा मात्र बंदच. कोल्हापुरात राहून!

मला जे म्हणायचं आहे ते ह्या दोन कागदांत सगळं आलं. टीबीची फाईल वेगळी, डायलिसिसची फाईल वेगळी. एका खिडकीवरचा माणूस विचारतो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे का? नाही? मग पुढे चला. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाला प्रत्येक तक्रारीचं उत्तर किडनीत सापडतं. रोगी मधल्या फटीत पडतो. ह्यात कुणी हलगर्जी आहे असं नाही. उलट प्रत्येक तक्रारीचं एक समजदार, पटणारं उत्तर तयार असतं, आणि तेच घात करतं. उत्तरच नसतं तर शोधायला निघालो असतो की नाही?

हा लेख टाकण्याआधी आमच्या डॉक्टर चुलतबहिणीला वाचून दाखवला. तिने कान उपटले, आणि तिचं म्हणणं इथे लिहिलं पाहिजे. ती म्हणाली, “डायलिसिसच्या माणसाला ताप आला की पहिला संशय टीबीचा नको, गळ्यातल्या नळीच्या संसर्गाचा हवा. तो जास्त वेळा होतो आणि दोन दिवसांत माणूस नेतो. आणि तुझा लेख वाचून लोक डॉक्टरांना म्हणतील, द्या की टीबीच्या गोळ्या सुरू करून. त्या काय चणे-फुटाणे आहेत? लिव्हर खराब होतं, डोळे जातात. पुराव्याशिवाय सुरू केल्या आणि रोग भलताच निघाला तर?” तिचं बरोबर आहे. म्हणून मी ‘गोळ्या सुरू करा’ असं म्हणत नाहीये. मी म्हणतोय, प्रश्न लवकर विचारा आणि पुरावा शोधायला लवकर निघा. गाठ असेल तर सुई घाला, पाणी असेल तर काढून तपासा, जिथे असेल तिथला नमुना मशीनवर पाठवा. हातावरची टीबीची टोचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. डायलिसिसच्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी मंदावलेली असते की टोचणीला त्वचा उत्तरच देत नाही. ह्यावर बहीण म्हणाली, “हं, हे चालेल.” एवढी शाबासकी मला पुरे.

ज्या डायलिसिस केंद्रात माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं येतो, तिथे हे पकडणं खरं तर सगळ्यात सोपं असायला हवं. दुसऱ्या कुठल्या रोग्याचं इतक्या वेळा वजन होतं, रक्तदाब होतो, महिन्याला रक्त तपासलं जातं? माहिती सगळी आहे, फक्त एका ओळीत मांडलेली नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढून चार प्रश्न विचारावेत. भाकरी कमी झाली का? संध्याकाळी अंग गरम लागतं का? गेल्या तीन महिन्यांत ड्राय वेट खाली आणावं लागलं का, आणि का? इंजेक्शन वाढवूनही हिमोग्लोबिन अडलंय का? दोन उत्तरं ‘हो’ आली की मानेवर, काखेत हात फिरवून बघावा. ह्याला मशीन लागत नाही. मामींना कुठे लागलं? रोग जागा होण्याआधीच झोपलेल्या जंतूंसाठी तपासणी आणि प्रतिबंधक औषध देण्याबद्दल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये डायलिसिसच्या रुग्णांचा उल्लेख आहे. मामांना कुणी ते विचारलं नव्हतं. तुमच्या माणसाला विचारलंय का, हे जरूर बघा. ज्यांचं किडनी प्रत्यारोपण ठरतंय त्यांनी तर आधीच. प्रत्यारोपणानंतर टीबी निघाला तर रिफाम्पिसिन नवी किडनी टिकवणाऱ्या औषधांचाच असर कमी करतं, आणि दोन्ही सांभाळणं फार अवघड होऊन बसतं.

आणि आपलं, घरच्यांचं काय? संध्याकाळचा ताप वहीत लिहून सकाळच्या पाळीला दाखवायचा, हे आपलंच काम. ‘उगाच डॉक्टरांना काय सांगायचं’ ही कोल्हापुरी भीड सोडायची. आणि रोग निघाला तर नाव लपवायचं नाही. मामांचा टीबी आम्ही तीन आठवडे नातेवाइकांपासून लपवला, ‘गाठीचं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं. (हे वाचणाऱ्या दोन आत्यांना आज कळतंय. माफ करा.) गाठीतला टीबी हवेतून पसरत नाही, फुफ्फुसातही आहे का एवढं तपासून घ्यावं लागतं, हे आम्हाला माहीत होतं तरी लपवला. लपवला नसता तर धाकट्या आत्यांनी तेव्हाच सांगितलं असतं की १९७० च्या सुमाराला आजोबांना टीबी झाला होता आणि मामा तेव्हा त्यांच्याच खोलीत निजायचे. हे आम्हाला मामा बरे झाल्यावर, एका बारशात, जेवताना कळलं. चार महिने डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला टीबी झाला होता का? आम्ही ठामपणे ‘नाही’ म्हणत होतो.

मामांच्या गोळ्या २०२४ च्या उन्हाळ्यात संपल्या. गाठी विरल्या. कॅल्शियम आपसूक खाली आलं, हिमोग्लोबिन दहावर गेलं, इंजेक्शनं कमी झाली. किडनी अर्थातच आली नाही, डायलिसिस चालूच आहे, आणि पायांच्या मुंग्या पुरत्या गेल्या नाहीत. ड्राय वेट अठ्ठावन्नवरून हळूहळू एकसष्टवर आलं आहे. परवा टेक्निशियनने वजन वाढवून लिहिलं तेव्हा मामांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, “पानी हाय का ऊस?” त्याला काही कळलं नाही. मामांनी बाही वर करून दंड दाखवला.

मित्राच्या आईचा नमुना गेला आहे, रिपोर्ट यायचा आहे. कदाचित टीबी नसेलही. नसला तर उत्तमच. पण खोकला नाही म्हणून तो नाहीच, असं मात्र कृपा करून कुणी म्हणू नका.